लेकुरवाळी फांदी

पूर्वी मेखला नगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाखेच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव होते संवर. वडिलांच्या मागे धंदा त्याच्याकडे आला, आणि लग्नानंतर बायकोचा भाऊही त्या धंद्यात आला. या मेहुण्याचे नाव भद्रिक. बाराही बैलगाड्या त्याच्या हाताखाली होत्या, बैलांची नस न् नस त्याला ठाऊक होती, आणि मालात त्याचा चौथा हिस्सा होता. माणूस कामाचा, जिभेचा तिखट आणि मनाचा उतावळा. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता, तरी आपले स्वतःचे एक तारू असावे आणि ते भृगुकच्छाच्या बंदरात डुलत उभे असावे, हा त्याचा ध्यास. तारवाचे नावसुद्धा ठरले होते. ते त्याने बायकोलाही सांगितले नव्हते, फक्त बैलांना सांगितले होते.

आता लाख कशी होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची धावपळ कशासाठी हे कळायचे नाही. पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे लाल किडे बसतात, रस पितात आणि अंगाभोवती कवच बांधतात. ते कवच म्हणजे लाख. तिच्या बांगड्या होतात, पत्रांवरच्या मोहरा होतात आणि नवरीच्या पायांचा अळताही होतो. पण अरण्यातल्या लोकांचा एक रिवाज होता. दर झाडाची एक फांदी ते राखून ठेवीत. तिच्या कवचांत आया असत आणि आयांच्या पोटी पिल्ले, म्हणून तिला ते लेकुरवाळी म्हणत. कवचावर हळदीसारखा पिवळा ठिपका उमटला की समजायचे, आठ दिवसांत पिल्ले बाहेर पडणार. मग ती फांदी उतरवायची, वीतभर काड्यांच्या जुड्या, म्हणजे लाखेचे बीज, बांधायच्या आणि त्या जुड्या दुसऱ्या झाडांवर नेऊन बांधायच्या. पिल्ले चालत चालत नव्या फांदीवर जात. ती गेली की रिकाम्या काड्या खाली उतरवून खरवडायच्या. लेकरे बाहेर पडल्यावर घर घ्यायचे, त्याआधी नाही.

एका वर्षी चैत्रात राजकन्येचे लग्न निघाले. राजाची हौस दांडगी. त्याने दवंडी पिटवली की राजवाड्यापासून वेशीपर्यंतचा मांडव लाखेच्या लाल रंगात रंगलेला हवा. झाले! नगरीत लाखेचा भाव असा चढला की रंगाऱ्यांच्या झोपा उडाल्या.

नगरीत महीधर नावाचा दुसरा मोठा व्यापारी होता. पूर्वेकडचे साळदरीचे अरण्य त्याच्याकडे होते. त्याने अरण्यातल्या प्रत्येक घरी मिठाची एक गोणी आणि एक रंगीत लुगडे पाठवले, आणि सांगितले, "या खेपेला एकही फांदी ठेवू नका." लोक जरा घुटमळले. पण लुगडी खरोखरच सुंदर होती. पिवळा ठिपका उमटायच्या आधीच साळदरीतल्या साऱ्या लेकुरवाळ्या उतरल्या आणि रंगाच्या कढईत गेल्या.

भद्रिकही बोधिसत्त्वाकडे धावला. "भावोजी, आपल्या उंबरखोऱ्यातही कोयता घालूया. असा भाव पुन्हा दिसणार नाही!"

"ठिपका उमटलाय का?"

"ठिपका कसला बघताय? भाव बघा!"

"लेकुरवाळ्या कढईत टाकल्या तर पुढच्या हंगामाला झाडावर काय बांधू, भाव?" बोधिसत्त्व म्हणाला, आणि इतर फांद्यांची लाख तेवढी त्याने विकली. भद्रिक महिनाभर त्याच्याशी कामापुरतेच बोलला.

लग्न थाटात झाले. महीधराने तीन मजली घर बांधले. आणि मग कार्तिक आला.

साळदरीच्या पळसांवर लाखेचा कणसुद्धा नव्हता. झाडे हिरवीगार, टवटवीत आणि रिकामी. हात चोळत बसण्याचा महीधराचा स्वभाव नव्हता. लाख नाही तर नाही, निदान कोळसा तरी होईल, असे म्हणून त्याने काशाच्या भट्टीवाल्यांशी बोलणे केले आणि अरण्यात कुऱ्हाडी पाठवल्या.

इकडे उंबरखोऱ्यात लेकुरवाळ्या फांद्या लगडल्या होत्या. बाकीच्यांनीही महीधरासारखेच केले होते, त्यामुळे सगळ्या मुलखात तेवढीच जिवंत लाख उरली होती. समुद्रापारचा एक मोठा व्यापारी तीन रस्त्यांच्या फाट्याजवळ राहुट्या टाकून बसला होता, आणि मिळेल ती लाख मागेल त्या भावाने घेत होता. भद्रिकच्या डोळ्यांपुढे तारवाची शिडे फडफडू लागली. तो चालता चालता मध्येच हसे.

ज्या सकाळी पहिला पिवळा ठिपका दिसला, त्याच सकाळी साळदरीची मुखिया कुरंगी उंबरखोऱ्यात येऊन थडकली. पन्नाशीची काटक बाई, पाच दिवस चालून आलेली, पायांना फोड. हंगामासाठी तिथे मुक्कामाला आलेल्या बोधिसत्त्वापुढे ती बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"शेट, बीज मागायला आलेय. आमच्या झाडांवर काय उरलं न्हाई."

"महीधरानं तोडायला लावलं म्हणे," भद्रिक मध्येच म्हणाला.

"त्यानं सांगितलं. पर कोयता आमच्याच हातात व्हता," कुरंगी म्हणाली. "लुगडं अजून नवं हाय. नेसवत न्हाई. आता कार्तिकी पुनवेचा सूर्य बुडला की कुऱ्हाडी चालणार. मी महीधर शेटच्या पायाशी बसून तेवढी मुदत मागून घेतली. ज्या झाडावर बीज बांधलेलं दिसंल ते सोडतो म्हणालाय. हसत म्हणाला. बीज कुठून येणार, असं त्याला वाटतंय."

पौर्णिमा पाच दिवसांवर होती आणि साळदरीही पाच दिवसांच्या वाटेवर. बोधिसत्त्वाने एक काडी उन्हात धरून ठिपका निरखून पाहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि सणाच्या दिवशी हाका माराव्यात तशा हाका मारीत तो अंगणात धावला. "जुड्या बांधा! बाराही गाड्या काढा! आपल्या झाडांपुरतं बीज आधी बाजूला ठेवा आणि उरलेलं सगळं भरा!"

भद्रिकच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याने बोधिसत्त्वाला गोठ्याच्या आडोशाला ओढले.

"भावोजी, दैवानं ताट वाढून समोर ठेवलंय आणि तुम्ही ते शेजारच्या घरी पाठवायला निघालात!"

"पाठवतो कुठे? पिल्लं त्यांच्या झाडांवर जातील, रिकाम्या काड्या आपण परत आणू. खरवडू, विकू."

"रिकाम्या काड्यांना रंग किती आणि भाव किती! शिवाय साळदरीत लाख पुन्हा आली की हा महीधर आपल्याच उरावर बसेल."

"बसू दे. बाजारात मी एकटाच उरलो तर भांडू कोणाशी?"

"हसू नका!" भद्रिक ओरडला. खरे तर त्याला रडू येत होते. इतकी वर्षे बैलांमागून चाललो, धूळ खाल्ली, आणि आता कुठे नशीब दारात उभे आहे तर हा देवमाणूस त्याला बाहेर हाकलतो आहे, असे त्याला वाटले.

बोधिसत्त्वाचे हसू मावळले. तो शांतपणे म्हणाला, "भद्रिक, बारांतल्या तीन गाड्यांचा माल तुझा आहे. त्याचं काय करायचं ते तूच ठरव. मी विचारणार नाही आणि पुढे कधी टोचणारही नाही."

भद्रिक पाय आपटत गाड्या काढायला गेला. भावोजी नाही म्हणाले असते तर निदान भांडता तरी आले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बारा गाड्या निघाल्या. काय ती वाट! जुड्या एकावर एक रचायच्या नाहीत, नाहीतर उबून पिल्ले मरतील. ऊन लागू द्यायचे नाही, वारा अडवायचा नाही. बांबूच्या ताट्यांवर जुड्या पसरलेल्या आणि वर पळसाच्या पानांचे छप्पर. कुरंगी दर गाडीत डोकावून ठिपके पाही आणि ओरडून सांगे, "मोठा झाला! आणखी मोठा झाला!" गाडीवानांना भलताच चेव चढला होता. कोणती गाडी पुढे राहते यावर पैजा लागत होत्या. चढणीला माणसे चाकांना खांदे देत होती आणि माथ्यावर पोचल्यावर आरोळ्या ठोकत होती. भद्रिक सगळ्यांत पुढे होता आणि सगळ्यांत गप्प होता. तरीही कोणता बैल थकला, कोणत्या आसाला तेल हवे, हे त्याला मागे न पाहता कळत होते. त्याच्याशिवाय तो तांडा तीन दिवसांतच बसला असता.

पाचव्या दिवशी, पौर्णिमेच्या पहाटे, तांडा तीन रस्त्यांच्या फाट्याला लागला. उजवीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर साळदरी. डावीकडे दोन कोसांवर राहुट्यांची पांढरी टोके दिसत होती.

भद्रिकने आपल्या तीन गाड्या थांबवल्या. बोधिसत्त्वाची गाडी त्याच्याजवळून गेली.

"बैलांना पाणी पाजून घे," बोधिसत्त्व एवढेच म्हणाला, आणि नऊ गाड्या उजवीकडे वळल्या.

भद्रिक डावीकडे वळला. दोन कोस त्याने स्वतःशीच वाद घातला, आणि तो वाद तोच जिंकत होता. मी चोरी केली नाही. माल माझा आहे. भावोजींनीच सांगितले आहे. तरी तो राहून राहून मागे उजव्या वाटेकडे पाहत होता.

समुद्रापारचा व्यापारी राहुटीबाहेर येऊन त्याला भेटला. माणूस गोड बोलणारा होता. त्याने भद्रिकला गालिच्यावर बसवले, द्राक्षांचा रस दिला, एक जुडी मागवून काडी मोडून पाहिली, ती भद्रिकच्या हातात दिली आणि टाळीच वाजवली. "भरलेली आहे! काठोकाठ! आजच कढईत टाकू. असा रंग मी दहा वर्षांत पाहिला नाही."

"पुढच्या हंगामाला किती लागेल?" भद्रिकने विचारले. व्यापाऱ्याच्या सवयीने त्याने विचारले, त्यात दुसरे काही नव्हते.

"पुढच्या हंगामाला?" तो हसला. "पुढच्या हंगामाला मी इथे कशाला येऊ? ही तुमची शेवटची लाख ना? पूर्वेला एका बेटावर अजून शिल्लक आहे म्हणतात. इथलं संपलं की तिथलं."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला काय झालं? तुम्ही आता श्रीमंत!"

तो खरेच प्रेमाने म्हणाला होता. त्याच वेळी भद्रिकच्या बोटाला गुदगुल्या झाल्या. त्याने खाली पाहिले. मोडलेल्या काडीतून लाल धुळीसारखे काहीतरी निघाले होते आणि ती धूळ चालत होती. पिल्ले! आठ दिवस भरायच्या आधीच! ती त्याच्या बोटावरून तळव्यावर आली, तळव्यावरून मनगटावर चढली, आणि मनगटापाशी थबकून इकडेतिकडे चाचपू लागली. ती झाड शोधत होती. भद्रिकने हात हलवला नाही. इतकी वर्षे लाख वाहिली, पण हे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. या माणसाला जायला बेटे आहेत, आपल्याला कुठेही जायचे नाही. आपली बायको, आपले बैल, आपले पळस सगळे इथेच आहेत, हे त्याला लख्ख कळले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली. आता वेळेवर पोचता आले नाही तर?

तो ताडकन उठला. "माफ करा. माल विकायचा नाही!"

"भाव वाढवून देतो!"

"द्या हो, पण कोणाला तरी दुसऱ्याला द्या!" असे ओरडत भद्रिक गाडीवर चढलाही होता. मनगटावरची पिल्ले त्याने अलगद काडीवर उतरवली आणि असा काही आवाज काढला, की बैलांनी शेपट्या वर करून धूम ठोकली.

ती दौड मेखला नगरीत पुढे कितीतरी दिवस सांगितली जात होती. फाट्यावर आल्यावर भद्रिकने आपली शिदोरी, अंथरूण, पाण्याचे रांजण सगळे रस्त्याकडेला फेकून दिले. गाड्या हलक्या झाल्या. बैलांना ओझे नको म्हणून तो स्वतः खाली उतरला आणि बाजूने पळू लागला. दर थोड्या वेळाने तो पानांचे छप्पर उचलून पाही. लाल धूळ वाढत होती. एका ओढ्यात तिसरी गाडी रुतली. पलीकडून बाजाराला निघालेले कुंभार थांबून पाहत होते. "बघताय काय? लेकरं आहेत गाडीत!" तो ओरडला. कुंभार मडकी ठेवून पाण्यात उतरले आणि गाडी बाहेर निघाल्यावर आत लेकरे कुठे आहेत ते शोधू लागले. त्यांना सांगत बसायला वेळ नव्हता. दिवस कलला. भद्रिकच्या छातीत कळ येऊ लागली, तोंडाला फेस आला, तरी तो बैलांना नावाने हाका मारीत होता, त्यांची माफी मागत होता, त्यांना गूळ कबूल करीत होता.

दिवस कासराभर उरला होता तेव्हा साळदरी दिसली.

अलीकडच्या दोन टेकड्यांवर काम उरकले होते. झाडाझाडाला जुड्या लटकत होत्या. पलीकडची तिसरी टेकडी मात्र रिकामी होती. तिच्या पायथ्याशी कुऱ्हाडी घेतलेली माणसे ओळीने बसली होती आणि एका दगडावर बसून महीधर सूर्याकडे पाहत होता. पण भद्रिक चकित झाला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या रिकाम्या टेकडीवर दर झाडाखाली एकेक माणूस उभा होता. बाया, बापये, म्हातारेकोतारे. प्रत्येकाच्या हातात दोर होता आणि सगळ्यांचे डोळे वाटेकडे लागले होते.

कुरंगी धावत त्याच्याकडे आली. "आलास रे बाबा! दुपारपासून उभी हायेत समदी!"

"कशासाठी?" भद्रिकने धापा टाकत विचारले.

"तुझ्यासाठीच की! तुझ्या भावोजींनी सांगितलं, तीन गाड्या मागं हायेत, दिवस बुडस्तवर आपापल्या झाडाखाली उभं राहा म्हणून."

भद्रिकला हुंदका आवरला नाही. पण रडायला फुरसत कुणाला होती! गाड्या टेकडीच्या मधोमध घुसल्या, छपरे उडाली, आणि जुड्या हातोहात निघाल्या. माणसे झाडांवर चढली. दोर आवळले गेले. "इकडे दे!" "अजून दोन!" "जपून, सांडतायत!" असा एकच गलका उठला. पिल्ले जुड्यांतून उतरून फांद्यांवर पसरू लागली. फांदीची कोवळी साल बघता बघता लालसर दिसू लागली. माणसे कमी पडताहेत हे पाहून कुऱ्हाडवाल्यांतला एक जण उठला, कुऱ्हाड तिथेच टाकून झाडावर चढला, मग दुसरा चढला, मग सगळीच ओळ उठली. महीधर दगडावर एकटा राहिला.

शेवटच्या झाडाला शेवटची जुडी बांधली तेव्हा सूर्याची कड अजून डोंगरावर टेकलेली होती. आणि मग जो जल्लोष झाला! बाया फेर धरून नाचू लागल्या. भद्रिक बैलांच्या गळ्यात पडला.

महीधर उठून बोधिसत्त्वाजवळ आला. लटकणाऱ्या जुड्यांकडे त्याने एकदा पाहिले. मग म्हणाला, "याच्या बदल्यात तुला काय हवं?"

"रिकाम्या काड्या माझ्या. आणि पुढे कोणी बीज मागायला आलं तर त्याला नाही म्हणू नकोस."

"बस?"

"बस."

महीधराने मान खाली घातली. "मला एक सांग, संवर. तुझा मेहुणा राहुट्यांकडे वळल्याचं माझ्या माणसांनी दुपारीच येऊन सांगितलं होतं. तुलाही ते ठाऊक होतं. तरी गाड्या येतील हे तुला कसं माहीत?"

"माहीत नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला.

"मग?"

"काय करायचं ते त्यानं अजून ठरवायचं होतं. ते होण्याआधीच माणसांना झाडाखालून हलवणं मला बरं वाटेना."

भद्रिक बैलांच्या आड उभा राहून हे ऐकत होता. त्याने उत्तरीयाने डोळे पुसले आणि बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला.

त्यानंतर वैशाखात साळदरीचे पळस पुन्हा लाखेने लगडले. महीधराने आपला शब्द पाळला. बीज मागायला येणाऱ्याला त्या मुलखातून कोणी रिकाम्या हाताने पाठवले नाही.

ही कथा जेतवनात सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तिचे धागे जुळवून दाखवले. "भिक्षूंनो, त्या काळचा महीधर म्हणजे या विहाराला सावलीची झाडे देणारा आजचा उपासक. कुरंगी म्हणजे रोज पहाटे संघासाठी ताक घेऊन येणारी वृद्ध गवळण. तीन गाड्यांचा धनी भद्रिक म्हणजे हा आनंद, आणि संवर व्यापारी म्हणजे मीच."

आनंद खाली मान घालून हसला.

एक भिक्षू म्हणाला, "भंते, म्हणजे ही दानाची कथा."

"नऊ गाड्यांपुरती दानाची," शास्ता म्हणाले. "पण दुसऱ्याच्या मनातला लोभ त्याचा त्याने सोडेपर्यंत, न रागावता, न टोचता, त्याच्यासाठी जागा राखून थांबणे त्याहून अवघड. त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत बोधिसत्त्वाने जी पाळली, ती क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."